पांढरा समुद्र

२४ जुलै, बुधवार

ही डायरी पूर्णिमाने दिली. तिच्या शाळेत कुणा औषधवाल्याने वाटलेल्या डायऱ्या अर्धं वर्ष सरलं तरी कोऱ्याच पडून होत्या. अंध मुलांच्या शाळेत डायऱ्या वाटणारा माणूस किती हुशार असेल, असं मी म्हणालो, तर लेक हसली नाही. म्हणाली, "आप्पा, काम करताना थोडं थोडं लिहून ठेवा. पुढं दुसऱ्या शाळेनं मागितलं तर उपयोगी पडेल."

काम म्हणजे नकाशा. पोरांना बोटांनी वाचता येईल असा, कापडाचा. शाळेत एक प्लास्टिकचा होता, त्याचे डोंगर पोरांनी हात फिरवून फिरवून सपाट केले. आता ते काम माझ्याकडे आलं. बेळगावच्या वडगावात जन्म गेला माझा. साडीच्या काठाचं डिझाईन चौकटीच्या कागदावर काढायचं आणि त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची, हा माझा धंदा. भोक असेल तिथं मागावरचा धागा उचलला जातो, नसेल तिथं खाली राहतो. आता ते कॉम्प्युटर करतो. यंत्रमाग विकून झाले, मागच्या खोलीत एक हातमाग तेवढा उरलाय आणि त्यावर माझी बायको मंगल लोणच्याच्या बरण्या ठेवते.

मी लगेच हो म्हणालो नाही. चहा संपल्यावर म्हणालो.

२९ जुलै, सोमवार

पूर्णिमाने छापील नकाशा आणून भिंतीला लावला. कोकण किनाऱ्यापासून आपल्या पठारापर्यंतचा. डावीकडे समुद्र, वर कोल्हापूर आणि निपाणी, मध्ये आपण, खाली लोंढा आणि कारवार. समुद्र निळा, आणि खोल असेल तिथं गडद निळा. किनारपट्टी हिरवी, पठार पिवळं, घाट तपकिरी. शाळेत असताना हेच नकाशे पाठ केले होते, पण समुद्र निळाच का, हा प्रश्न कधी पडला नव्हता.

"निळ्याचं काय करायचं?" मी विचारलं.

"तुम्हीच सांगा. ज्या पोरीनं जन्मात काही बघितलं न्हाय तिला निळा कसा सांगाल?"

"गार."

"आणि हिरवा?"

"तोबी गारच."

"बघा," ती म्हणाली आणि वह्या तपासायला बसली.

मी सीमेच्या रेघेचं विचारलं. ती म्हणाली, सीमा नको. डोंगर, नद्या, गावं, रेल्वे, बास. सीमेची दोरी लावली की कुठून लावली म्हणून शाळेच्या दारात माणसं उभी राहतील. मंगल स्वयंपाकघरातून म्हणाली, "रंगच घालू नका. म्हंजे झेंडा कुठला म्हणून बी कोण भांडणार न्हाय."

ती चेष्टेत बोलली, पण मला पटलं. सगळा नकाशा पांढऱ्या धाग्यात करायचा. ज्यांच्यासाठी आहे त्यांना रंगाची गरज नाही, आणि ज्यांना रंग लागतो त्यांच्यासाठी हा नकाशाच नाही. हा विचार मला फार आवडला. दिवसभर तोच घोळवत होतो.

४ ऑगस्ट, रविवार

बरण्या हलवल्या. माग पुसला. मंगलने माझ्या डोळ्यांवर टॉवेल बांधला आणि एकेक चिंधी हातात देत गेली. समुद्राला रेशीम. खोल समुद्राला दुपदरी रेशीम, जरा जाड लागतं. किनारपट्टीला मऊ सूत, पठाराला जाडंभरडं सूत, घाटांना लोकरीच्या गाठी. नदीला पिळाची दोरी, उगमाला बारीक आणि मुखाकडे जाड होत जाणारी. गावाला बटण. रेल्वेला साखळीटाका. कोपऱ्यात सूचीसाठी एक चौकोन, तिथं या सगळ्यांचे नमुने.

डोळे बांधल्यावर मी पहिल्या दोन मिनिटांत भोवंडलो. मंगल म्हणाली, "एवढ्यात दमलासा? ती पोरं जन्मभर बसल्यात."

११ ऑगस्ट, रविवार

पूर्णिमा मंजुश्रीला घेऊन आली. निपाणीजवळच्या कोगनोळीची पोरगी, दहावीला आहे, जन्मांध. शाळेच्या वसतिगृहात राहते. घरात शिरल्या शिरल्या म्हणाली, "आप्पा तपकीर ओढत्यात व्हय?" मी डबी खिशात घातली.

रेशमाच्या नमुन्यावर हात फिरवून म्हणाली, "ह्यो समुद्र?"

"व्हय."

"लई गप्प हाय की. समुद्र हलतोय म्हणत्यात न्हवं?"

खरं होतं. किनाऱ्याला धरून बारीक उठावाच्या रेघा घालायच्या असं ठरवलं. घाटांच्या गाठी मात्र तिला आवडल्या. टोचत्यात म्हणाली.

मग मागाकडे गेली. त्यावर वर्षानुवर्षं अर्धवट राहिलेला साडीचा तुकडा होता. आधी वरून हात फिरवला, मग वाकून खालून. "वर नुसतं धागं लोंबत्यात आणि डिझाईन खाली हाय. हे उलटं कसं?" मी तिला सांगितलं की आम्ही बुट्टीदार कापड उलटंच विणतो. विणताना डोळ्यांपुढे असते ती पाठ, चेहरा जमिनीकडे असतो. माग सोडला की कापड पालथं करायचं, तेव्हा खरी साडी दिसते. ती एवढी हसली की मला कळेना काय झालं. पिशवीतून ब्रेलचे ठिपके टोचायची पाटी काढली, कागद अडकवला आणि माझं नाव लिहिलं, नागेंद्र. उजवीकडून डावीकडे टोचत गेली. कागद पालथा केला आणि माझं बोट धरून त्यावरून डावीकडून उजवीकडे फिरवलं.

"आमी बी पाठीवरनंच लिवतो," म्हणाली. "तुमी आमच्यातलंच की."

पोरगी गोड आहे. मंगलने तिला धपाटं आणि दही दिलं.

२२ ऑगस्ट, गुरुवार

पत्ते पाडून झाले. भिंतीवरचा नकाशा चौकटीच्या कागदावर जसाच्या तसा उतरवला आणि भोकं मारली. हात अजून चालतो. पूर्णिमाने गावांच्या नावांच्या ठिपक्यांच्या पट्ट्या करून दिल्या, प्रत्येकीच्या कोपऱ्यात शाईने नाव लिहिलंय, माझ्यासाठी. एक गंमत कळली. ठिपक्यांत मराठीचा 'ग' आणि कन्नडचा 'ग' एकच. ज्या पाट्यांवरून आमच्याकडे दगड उचलले जातात त्या पाट्या बोटाला सारख्याच लागतात. मी म्हणालो, हे आधी का सांगितलं नाहीस? ती म्हणाली, "आप्पा, हे सांगूनबी दगड उचलणारे हायत. तुम्ही विणा."

आज समुद्र विणायला घेतला. कितीतरी वर्षांनी धोटा हातात घेतला.

३ सप्टेंबर, मंगळवार

हे लिहू की नको.

दुपारी कापड मागावरून उतरवलं. जेवणाच्या टेबलावर पालथं केलं. पांढरंशुभ्र. मंगलने हात फिरवला आणि म्हणाली, "कारवार आलं बघा." मीही हात फिरवला. मग भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं.

समुद्र उजवीकडे आलाय.

दोनदा पाहिलं. भिंतीवर डावीकडे, टेबलावर उजवीकडे. मी नकाशा जसाच्या तसा उतरवला आणि विणला पालथा. सुलटा केल्यावर आरशातल्यासारखा फिरला. पाठ बरोबर आहे आणि चेहरा चुकलाय. सगळा जन्म मोर, कोयरी, रुईफूल विणले. मोराची चोच डावीकडे असली काय अन् उजवीकडे असली काय, कोण विचारतं? काठ तर दोन्हीकडून सारखाच असतो. डाव्या-उजव्याची काळजी करायची वेळ या धंद्यात कधी आलीच नाही. पत्त्यांची माळ नुसती उलट्या बाजूने लावली असती तरी भागलं असतं. हे पोराटोराला कळावं, मला कळलं नाही.

परवा शिक्षकदिनाला उद्घाटन. शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष मारुतीराव येणार आहेत. पूर्णिमा पाच वर्षं तात्पुरती आहे, या वेळी कायम करतील अशी आशा आहे. नवं विणायला दोन आठवडे तरी हवेत. मंगलला मी काही बोललो नाही.

४ सप्टेंबर, बुधवार

लिहून टाकतो.

कापड टेबलावर गोल फिरवलं. समुद्र डावीकडे आला. दिसायला बरोबर. फक्त वर-खाली बदललं, निपाणी खाली आली आणि कारवार वर गेलं. पांढऱ्यावर पांढरं आहे, डोळसाला त्यात काय दिसणार? समुद्र डावीकडे आहे ना, एवढंच बघतील. मी पट्ट्या तशाच शिवल्या. निपाणी खाली, लोंढा वर. आणि सगळ्यात वर 'उत्तर' ही पट्टी शिवली, कारवारच्या डोक्यावर.

मग पाठ कुणाला दिसू नये म्हणून कापड प्लायवूडवर ताणलं आणि चारी बाजूंनी बारीक खिळे मारले.

खिळे मारताना मनात जे आलं तेही लिहितो, कारण दुसरीकडे कुठे सांगणार? मनात आलं, पोरांना कुठे दिसतंय. कळणार कसं त्यांना. हे मी, मंजुश्रीला धपाटं वाढणाऱ्या घरातला माणूस, असा विचार करत होतो. लाज वाटली, पण हात थांबला नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार

कार्यक्रम छान झाला. मारुतीरावांनी डोळे मिटून नकाशावर हात ठेवला आणि "वा, काय समुद्र आहे" म्हणाले. हात घाटावर होता. फोटोवाला कुरकुरला की फोटोत नुसती चादर दिसते. मारुतीराव भाषणात म्हणाले, पूर्णिमाताईंसारखी माणसं संस्थेनं धरून ठेवली पाहिजेत. लेकीने माझ्याकडे पाहिलं. असं तिने दहावीच्या निकालादिवशी पाहिलं होतं.

मुलं नंतर आली. आधी सूचीच्या चौकोनावर, मग समुद्रावर. लहान पोरं लाटांच्या रेघांवर नखं खरवडत होती. मंजुश्रीने बेळगावचं बटण शोधलं, तिथून निपाणीकडे बोट नेलं. थांबली. परत आली, परत गेली. मग काठाकडे हात नेला आणि खिळ्यांवरून एकेक बोट फिरवत बसली.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"काय न्हाय आप्पा. मजबूत केलंय."

मला शाल आणि नारळ मिळाला. नारळ अजून फोडला नाही.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

शाळेत गेलो होतो. मंजुश्री म्हणाली, खिळे काढा, कापड सुटं असू दे. मी म्हणालो, सुटं ठेवलं तर आकसेल, सुरकुत्या पडतील. "न्हाय आकसायचं, जाड हाय की," ती म्हणाली. मी म्हणालो, तुला काय कळतंय त्यातलं. आवाज जरा चढलाच.

 घरी येईपर्यंत ते शब्द डोक्यात होते. उगाच बोललो. बहुतेक तिला घडी करून वसतिगृहात न्यायचं असेल.

२५ सप्टेंबर, बुधवार

पूर्णिमा हल्ली कमी बोलते. कामाचा ताण असेल. जेवताना तिने विचारलं, "आप्पा, डायरीत लिहिताय न्हवं? नकाशात काय सुधारायचं असलं तर सांगा. दुसरी शाळा मागायच्या आधी."

"काय न्हाय, ठीक झालाय," मी म्हणालो. तिने ताटात पाणी सोडलं आणि उठली.

जाता जाता म्हणाली की दसऱ्याच्या सुट्टीला मंजुश्री या वेळी एकटी घरी जाणार. इथून बसमध्ये बसवून द्यायचं, निपाणीला तिची आई उतरवून घेईल. तिचाच हट्ट आहे. म्हणते, वाट पाठ हाय, नकाशात बघितलीय.

 नकाशात निपाणी दक्षिणेला आहे.

३ ऑक्टोबर, गुरुवार

आज काय केलं ते लिहितो आणि झोपतो.

मंगलला इथंच शहापुरात काम आहे म्हणून सांगितलं आणि सकाळीच बसस्टँडवर गेलो. खांबाआड उभा राहिलो. पूर्णिमाने मंजुश्रीला निपाणीच्या गाडीत बसवलं, कंडक्टरला कन्नडमध्ये चार गोष्टी सांगितल्या आणि गेली. ती वळल्यावर मी मागच्या दाराने चढलो, डोक्याला टॉवेल गुंडाळून. चोर वेगळा काय करतो?

मंजुश्रीने कंडक्टरकडे हट्टाने उजवीकडची खिडकी मागितली. शेजारी संकेश्वरची एक बाई बसली होती. काकती मागे पडल्यावर ती म्हणाली, "बाळ, ऊन लागतंय, हिकडं सरक."

"असू दे मावशी. उजव्या गालाला ऊन लागतंय म्हंजे गाडी माझ्या गावाकडं चाललीया. सकाळी घरला जाताना कायम ह्याच गालाला लागतंय."

"कुणी शिकवलं गं?"

"शिकवतंय कोण? समुद्र त्या अंगाला, ऊन ह्या अंगाला, आन् निपाणी नाकासमोर," ती म्हणाली. मग जरा मोठ्याने, "नकाशात कुटं का असंना."

मी मागे बसून ऐकत होतो. सुटल्यासारखं वाटलं. उन्हाने वाचवलं तिला, माझ्या नकाशावर भरवसा ठेवून चालली असती तर काय झालं असतं? वंटमुरीच्या घाटात वाऱ्याने तपकीर उलटी नाकात गेली आणि सलग तीन शिंका आल्या. टॉवेलात तोंड खुपसलं. बाईने वळून पाहिलं. मंजुश्री हलली नाही.

निपाणीला तिची आई बायाक्का खाली उभीच होती. मंजुश्री काठी टेकत पायरी उतरली. उतरल्यावर आईच्या खांद्यावर हात ठेवून, मागे न वळता म्हणाली, "आप्पा, परतताना बी उजवीकडंच बसा. ऊन डावीकडनं ईल."

बायाक्काने चकित होऊन गाडीत पाहिलं. मी सीटखाली चप्पल शोधायचं निमित्त केलं.

परतताना उजवीकडेच बसलो. ऊन डावीकडून आलं.

११ ऑक्टोबर, शुक्रवार. खंडेनवमी

माग धुतला, धोट्याला आणि फणीला हळद-कुंकू लावलं. पत्ते पाडायचा पंचही पाटावर ठेवला. दरवर्षी मी मागापुढे डोकं टेकवतो. आज झेंडूचं फूल हातात धरून उभा राहिलो आणि ते ठेववेना. मागाने त्याचं काम चोख केलं होतं, जे भरलं तेच विणलं. खोटी पट्टी मी सुईने शिवली, आणि सुई तर पूजेत ठेवलीच नव्हती. शेवटी मंगलने माझ्या हातातलं फूल घेऊन मागावर ठेवलं.

पूर्णिमा सणाला घरी होती, पण अर्धा दिवस शाळेत जाऊन आली. सुट्टी असताना काय काम, विचारलं तर म्हणाली, आवराआवर. तिच्या बोटांना सुया टोचल्याच्या खुणा दिसल्या. ड्रेसचं बटण लावलं म्हणाली. लहानपणापासून तिला टाका घालता येत नाही, बटण लावायचं तरी आईला हाक मारते. मोठी झाली म्हणायची.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

मंगलला सांगितलं. कापड मागावरून उतरवल्यापासून सगळं, खिळे, बस, शिंका. तिने तांदूळ निवडत ऐकून घेतलं. मला वाटलं होतं बोलेल.

"बसचं ठाऊक हाय," ती म्हणाली. "शहापूरला जाणारा माणूस निपाणीचं तिकीट खिशात घिऊन आला. धुताना गावलं."

"मग इचारलं का न्हाईस?"

"तुमी सांगशिला म्हणून." तिने एक खडा बाजूला टाकला. "लेकीला मागनं सांगा. आदी त्या पोरीला सांगा. जिची खोडी काढली तिच्याकडं आदी जायाचं असतंय."

पत्त्यांची माळ उलटी लावून ठेवलीय. सोमवारी शाळा उघडते. नवा नकाशा विणीन, पण आधी सांगून. भीती मारुतीरावांची नाही वाटत. भीती वाटते ती पोरगी 'असू दे आप्पा' म्हणेल याची.

२१ ऑक्टोबर, सोमवार

मधल्या सुट्टीत गेलो. नकाशाच्या खोलीत मंजुश्री आणि पूर्णिमा दोघीच होत्या. मी दारातच सुरुवात केली, कारण आत गेलो असतो तर तोंड उघडलं नसतं. म्हणालो, "मंजू, नकाशा चुकलाय. मला उद्घाटनाच्या आदीच कळलं हुतं. तरी मी तसाच दिला. 'उत्तर' मी दक्षिणेला शिवलंय, जाणूनबुजून. तुमाला दिसत न्हाय म्हणून कळणार न्हाय असं वाटलं."

शेवटचं वाक्य बोलायचं ठरवलं नव्हतं. पण तेच खरं होतं.

पूर्णिमा खिडकीशी उभी होती. ती वळली नाही. मंजुश्री म्हणाली, "आप्पा, हिकडं या. टॉवेल हाय का खांद्यावर? डोळं बांधा."

बांधले. तिने माझा हात धरून टेबलावर ठेवला. काठाला खिळे लागले नाहीत. कापड सुटं होतं. बोटांखाली धागे सैल लागत होते, लाटांच्या जागी चरे, घाटांच्या जागी खड्डे. मी माझं काम ओळखलं. ही पाठ होती. समुद्र डावीकडे होता. बेळगावच्या बटणाच्या जागी गाठ होती, गाठीशेजारी पट्टी. तिथून माझं बोट तिने वर नेलं, वर, आणि दुसऱ्या पट्टीवर थांबवलं.

"वाचता येत न्हाय तुमाला. निपाणी हाय."

पट्टीच्या कडेचे टाके हाताला लागले. एक लांब, एक आखूड, मध्येच दोरा गोळा झालेला. असले टाके घालणारं माणूस आमच्या घरात एकच आहे.

"कापड पायाकडनं डोक्याकडं पालथं घातलं की सगळं जागंवर येतंय," मंजुश्री म्हणाली. "डोंगराच्या जागी खड्डं हायत, पण आमाला खड्ड्यांची सवय हाय. टोचताना आदी खड्डंच पडत्यात. पैल्याच दिवशी कळलं हुतं मला. तुमी उलटं विणता, हे तुमीच सांगितलं हुतं की."

मी डोळे सोडले नाहीत. विचारलं, मग बोलली का नाहीस?

"चूक कळली तवा हसू आलं हुतं. म्हटलं, आप्पा आपल्यातलंच निघालं, पालथं घालायचं इसरलं. मग काठाला हात लावला." तिने कापडाचा सुटा काठ चाचपला. "खिळं हाताला लागलं तवा वाईट वाटलं. ते चुकून न्हाय मारत कोण."

 टॉवेल ओला झाला होता, म्हणून तो तसाच राहू दिला.

पूर्णिमा तेव्हा बोलली. आवाज वर्गात असतो तसा होता. "आप्पा, पाच वर्षं मी या पोरांना सांगते, दिसत न्हाय म्हणून कोण फसवत असंल तर तिथल्या तिथं बोला. आणि मंजू मला म्हणाली, 'टीचर, तुमच्या आप्पांना कसं बोलू?' म्हणून मी जेवताना विचारलं. तुम्ही ठीक झालाय म्हणालात."

"तुझी नोकरी..."

"माझी नोकरी माझ्या नावावर राहू दे. ही गोष्ट नोकरीच्या नावावर घालू नका."

बरोबर बोलली. मी मान हलवली. डोळे बांधलेला माणूस मान हलवताना कसा दिसत असेल कोण जाणे. मग म्हणालो, पत्ते उलटे लावून ठेवलेत, दोन आठवड्यांत नवं विणून देतो, खोट्या पट्ट्या आजच उसवतो. खिशातून कात्री काढली.

मंजुश्रीने कात्रीवर हात ठेवला. "नवा करा. तो लहान पोरांना होईल, त्यांना डोंगर उचललेलं लागत्यात. पर हे उसवू नका. हे असंच ऱ्हाऊ दे, दोन्ही अंगांनी."

"ती खोटी बाजू कशाला ठेवायची गं?"

"पाव्हणं येत्यात की, मारुतीराव, फोटोवालं. त्यांना तीच दाखवू," ती म्हणाली, आणि नकाशाच्या काठावरून हात फिरवत हसली. "ती डोळसांची बाजू."

पूर्णिमाही हसली. माझ्याकडे पाहून नाही, पण हसली. टॉवेल सोडला तेव्हा टेबलाच्या कोपऱ्यात वाटीत उपटलेले खिळे दिसले. बरेचसे वाकले होते. विचारलं, हे घेऊन जाऊ का? दोघींपैकी कुणी नको म्हणालं नाही. आता ते इथं, या डायरीशेजारी ठेवलेत. उद्या समुद्र पुन्हा विणायला घेतो.